आधी गाडीखाली झोप

भाच्या,

काल रात्री साडेअकराला गॅरेजवाल्याच्या एस्टिमेटचा फोटो टाकलास, ४६ हजार, खाली एकच ओळ, "मामा काय करू". आणि दुपारीच अक्काला सांगून बसलायस की शोरूमला जाऊन नवीन गाडी बघून आलो. दाजींची गाडी, त्यात तुझा जीव अडकलाय, ते मला कळतंय, त्यावर मी काय बोलत नाही. एवढंच सांग, गाडी खालून बघितलीस का?

नसशीलच. कुणीच बघत नाही, सगळे कागद वाचत बसतात.

बरं त्या कागदावर आहे काय? क्लच, पुढचे दोन शॉकअप, एसीचा कंप्रेसर, पेंटिंग. पेंटिंग आत्ताच काट, दारावरच्या ओरखड्यानं गाडी थांबत नसते. एसीचं उन्हाळ्यात बघू. क्लच न् शॉकअप झिजणारच की रे, त्याला काय गाडी गेली म्हणतात? गाडी जाते ती खालनं. चेसी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पायाखालचा पत्रा, शॉकअप वर जिथं बसतो तो पत्रा. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायचं, टक्क वाजलं तर ठीक, भसकन आत गेला तर एस्टिमेट फाडून टाक. चुंबक पण फिरव, जिथं धरत नाही तिथं लांबी, म्हणजे पत्र्यातली भोकं बुजवायचा मसाला, भरलीय समज.

मला हे कळायला दोन गाड्या लागल्या. पहिली मारुती ८००, रेडिएटरचं पाणी कमी व्हायचं, सायलेन्सरमधनं पांढरा धूर, गॅरेजवाला म्हणाला इंजिन गेलं आणि मी घाबरून मिळेल त्या पैशाला देऊन टाकली. घेणाऱ्यानं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सपाट पट्टी, बदलली बस्स, पुढं सहा वर्षं ती गाडी मला आपल्या कोल्हापुरात बिंदू चौकात दिसायची, मागच्या काचेवर मी लावलेल्या स्टिकरसकट. म्हणून दुसरी काय विकायची नाही असा हट्टच धरला. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली तेव्हा ती तीन दिवस पाण्यात होती, मामी नको नको म्हणत असताना मी वायरिंग, सीटा, इंजिन सगळं करून घेतलं, लाखभर गेले. दोन वर्षांनी पंक्चर झाली म्हणून जॅक लावला, तर गाडी उचलायची सोडून जॅकच पत्र्यात घुसला. मामी अजून तो लाख काढते. पण इंजिन एक नंबर झालं होतं, हे कोण बोलत नाही! इंजिनात चूक नव्हतीच माझी, खालून बघितलं नाही तेवढीच.

आता पैशाचं. नवीन गाडीला ८ लाखाचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं, म्हणजे महिन्याला १६,६०० च्या आसपास हप्ता. हे ४६ हजार म्हणजे तीन हप्ते पण नाहीत. आणि १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, हे तुला कुणी सांगितलं? ते दिल्लीकडचं. आपल्या एमएच ०९ ला आरटीओत तपासून पुढच्या ५ वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून मिळतं, ५ हजार फी, वर पर्यावरण कर. पण तिथंही पत्रा कुजका निघाला तर काय उपयोग, म्हणून परत तेच, आधी खालून बघ.

शोरूमवाल्याला टोकन दिलं नाहीस ना? दिलं असशील तर फोन कर, चिडेन पण ऐकून घेईन.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन उद्यमनगरात ये, माझ्या ओळखीच्याकडं पिट आहे, गाडीखाली उतरून बघायचा खड्डा. जुना शर्ट घाल. टॉर्च मी आणतो.

मामा