'१६ ते १८' असा वयाचा अहवाल आला, तर मुलगी सज्ञान धरायची का?

बालविवाह थांबवला, मुलीची जन्मनोंद नाही आणि जिल्हा रुग्णालयाचा अहवाल म्हणतो '१६ ते १८'. एवढ्यावरून ती सज्ञान ठरत नाही.

आधी खरंच कागद नाहीत का, ते पाहा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वय ठरवायला हाडांचा एक्स-रे. टीसी हरवली तरी पहिलीच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन उतारा मागा.

आता एक्स-रेचा फोटो. मनगटात रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, खालचं टोक बघा. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, उघडी असेल तर टोकाशी आडवी काळी पट्टी दिसते. जुळताना ती तुटक होत जाते, आणि पूर्ण जुळल्यावर बारीक पांढरी रेघ उरते. ही रेघ पुढे कित्येक वर्षं राहू शकते, तरी तिच्यावरून 'अजून जुळलं नाही' असं लिहिलं जातं. हात तिरपा ठेवला किंवा हलला तर पट्टीच नीट दिसत नाही. तळवा सपाट, बोटं किंचित फाकलेली हवीत. मुलींचं कोपर साधारण १३ ते १५ ला जुळतं, मनगट १६-१७ च्या आसपास. मुलांत हे सगळं दीड-दोन वर्षं उशिरा. मनगट पूर्ण जुळल्यावर मात्र १८ आणि २४ तिथे सारखेच दिसतात. पुढचा अंदाज कॉलर बोनच्या छातीकडच्या टोकावरून घेतात, तोही सीटीवर नीट येतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. हाडांवरून वय ठरवायला वापरतात तो ग्रॉयलिश-पाइलचा अॅटलस, म्हणजे एक्स-रेचा नमुना-संच, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून बनला. मेळघाटातलं कुपोषण किंवा गडचिरोलीतला सिकलसेल आजार हाडांची वाढ मागे ठेवतो, म्हणजे खरं वय अहवालापेक्षा जास्तही असू शकतं. नुसत्या वाहकांना, म्हणजे एएस असणाऱ्यांना, हे सहसा लागू नाही. त्यामुळे सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवाच.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरली. म्हणजे तुमचा अहवाल १४ ते २० पर्यंत ताणला जाऊ शकतो.

अहवालात कोणते सांधे पाहिले, प्रत्येकाची अवस्था, दातांची तपासणी, अंगावरच्या ओळखीच्या खुणा आणि अंगठा आहे का ते तपासा. नसेल तर लेखी मागा. आणि कमरेचा एक्स-रे सांगितला असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी करून घ्या. लग्न लागून गेलेल्या मुलींच्या बाबतीत तर हे अजिबात सोडू नका.