‘उपेक्षा’ अंगी बाणवायची म्हणजे काय?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन चालू होतं. त्यानंतरच्या प्रवचनात भन्तेजींनी मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद) आणि उपेक्षा या चार भावना अंगी बाणवायला सांगितल्या. घरी येताना नववीतली मुलगी म्हणाली, "आई, उपेक्षा म्हणजे तर दुर्लक्ष. आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा झाली, हे तूच सांगतेस ना? मग बुद्ध उपेक्षा करा असं कसं म्हणतील? तो शब्द अपेक्षा असणार." ताई विचारतात, ऐकण्यात घोटाळा झाला, की शब्दाचा अर्थच निराळा आहे?

ऐकण्यात घोटाळा नाही, शब्द उपेक्षाच आहे. पण मुलीला वेड्यात काढू नका. तिचा कान अस्सल मराठी आहे, आणि त्याला जे खटकलं ते खटकायलाच हवं होतं.

मराठीत हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी वापरतच नाही. उपेक्षा होते, उपेक्षा केली जाते, माणूस उपेक्षेचा धनी होतो. ‘उपेक्षित’ हे तर एका सबंध समाजाच्या वेदनेचं नाव झालं. मागे गेलं तरी तेच. मनाच्या श्लोकांत ओळीने कितीतरी श्लोकांचा शेवट ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ असा होतो. नुपेक्षी म्हणजे न उपेक्षी. राम आपल्या माणसाला कधी वाऱ्यावर सोडत नाही, हा तिथला दिलासा. म्हणजे आपल्याकडे देवाची थोरवी सांगायची तर तो उपेक्षा करत नाही असं सांगतात, आणि इथे भन्तेजी सांगतात की उपेक्षा करायला शिका!

आता शब्द उकलून बघू. संस्कृतात ईक्ष् म्हणजे पाहणे. हा धातू मराठीत रोज भेटतो, फक्त आपण त्याला ओळखत नाही. परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा, प्रेक्षक ही सगळी त्याची पोरंबाळं. अपेक्षाही त्यातलीच. त्यालाच ‘उप’ लागला की उपेक्षा. उप म्हणजे जवळ, जसं उपनगर शहराच्या जवळचं. तेव्हा शब्दशः उपेक्षा म्हणजे जवळ राहून पाहणं. यात दुर्लक्ष कुठेच नाही, उलट लक्षच आहे.

मग वाकडं कुठे झालं? पाहण्याच्या क्रियेतच ती फट आहे. एखादा माणूस शांतपणे पाहत राहतो. दुसरा नुसताच पाहत राहतो. तिसरा पाहतो न पाहिल्यासारखं करून निघून जातो. दुसऱ्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: बघ्या. अपघात झाला की गोळा होतात ते बघे. ‘बघ्याची भूमिका घेतली’ ही शिवी आहे, आणि तिच्यातही क्रियापद बघण्याचंच आहे. उपेक्षा या शब्दाचंही असंच झालं. मात्र याचं खापर एकट्या मराठीवर फोडता येत नाही. दुर्लक्षाचा अर्थ संस्कृतातही होताच. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच चौकडी एका सूत्रात येते, पण तिथे प्रत्येकीचा विषय वाटून दिलेला आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि पापी माणसाची उपेक्षा. म्हणजे वाईट माणूस दिसला तर डोक्याला ताप करून घेऊ नका. हे आपल्या ‘दे सोडून’च्या बरंच जवळ जातं.

बौद्ध परंपरेत अशी वाटणी नाही. तिथे चारही भावना सगळ्यांसाठी आहेत. त्यांना ब्रह्मविहार म्हणतात, आणि यातला विहार म्हणजे राहणं, वस्ती करणं. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, शब्दाचं रूप आहे उपेक्खा. (अपेक्खाही आहे, आणि तिचा अर्थ ओढ, आसक्ती. म्हणजे मुलीने सुचवलेली दुरुस्ती केली असती तर अगदी उलट टोकाला पोचलो असतो.)

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध आचार्याने ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. या ग्रंथाशी मराठी माणसाचं एक नातं आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून सिलोनला जाऊन पाली शिकले, पुढे हार्वर्डला जाऊन याच ग्रंथाच्या संपादनावर त्यांनी काम केलं. ते १९४७ साली सेवाग्रामला वारले, आणि हार्वर्डची ती आवृत्ती निघाली १९५० साली. असो. मुद्दा असा की ताईंच्या मुलीची शंका बुद्धघोषाला दीड हजार वर्षांपूर्वी आलेली होती. तो म्हणतो, या प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात, एक लांबचा आणि एक जवळचा. लांबचा शत्रू सहज ओळखू येतो. करुणेचा लांबचा शत्रू हिंसा, त्यात कुणाची फसगत होत नाही. जवळचा शत्रू मात्र तिचेच कपडे घालून येतो. उपेक्खेच्या जवळच्या शत्रूचं नाव त्याने दिलंय अञ्ञाणुपेक्खा, म्हणजे अज्ञानातली उपेक्षा, काही कळत नाही म्हणून काही वाटत नाही अशी. आपण मराठीत उपेक्षा म्हणतो ती हीच! शब्दाचा चोर अर्थ त्याच शब्दाला विशेषण लावून त्याने पकडून ठेवलाय.

चौघींचा फरक दाखवायला त्याने दिलेला दाखला फार घरगुती आहे. एका आईला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला आणि एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्हा वाढावा असं तिला वाटतं, ती मैत्री. आजाऱ्याचं दुखणं जावं असं वाटतं, ती करुणा. तिसऱ्याचं तारुण्य असंच टिकावं असं वाटतं, ती मुदिता. आणि चौथ्याच्या कामात ती लुडबुड करत नाही, ती उपेक्खा. चौथा तिचा नावडता आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. ज्या घरात मुलगा पस्तिशीचा झाला तरी ‘डबा खाल्लास का’ म्हणून दुपारी फोन जातो, तिथे ही चौथी भावना किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको.

करुणेबद्दलही दोन शब्द. आपण करुणा भाकतो. म्हणजे मराठीत ती बहुतेकदा वरून मागायची गोष्ट असते. बुद्धघोष मात्र अर्थ सांगतो की दुसऱ्याचं दुःख पाहून सज्जनांच्या हृदयाला कंप आणते ती करुणा. ‘अनुकंपा’मध्ये आपण हा कंप जपलाय, जरी आता तो शब्द अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीपुरताच उरला. करुणेचा जवळचा शत्रू तो सांगतो दौर्मनस्य, म्हणजे स्वतःच खिन्न होऊन बसणं.

हे सगळं मला पोथीतून कळायच्या आधी आमच्या मागच्या खोलीत दिसलं होतं. वडिलांच्या पायाला मधुमेहाची जखम झाली होती आणि रोज ड्रेसिंग करायला मावशी यायची. ती निवृत्त सिस्टर. गॉज जखमेला चिकटलेला असायचा. ती तो कधी ओढायची नाही. सलाईन सोडून भिजू द्यायची, मग चिमट्याने एकेक कड सोडवायची. वडील कळवळून ओरडायचे. आई पदर तोंडाला लावून रडायला लागायची, तेव्हा मावशी म्हणायची, "ताई, तू बाहेर बस, तुझ्याकडे बघून ते जास्त घाबरतात." मी दारात, पण नजर कॅलेंडरवर. मला ते बघवायचं नाही, आणि त्यालाच मी खंबीरपणा समजत होतो. मावशी तेवढी त्या जखमेकडे सरळ बघत असायची. "भाऊजी, ओरडा खुशाल, फक्त पाय हलवू नका." एकदा मी तिला विचारलं, तुला काहीच वाटत नाही का? ती म्हणाली, "वाटतं की. पण माझा हात थरथरला तर दुखणार त्यांनाच."

आई, मी आणि मावशी यांच्यात उपेक्षा कोण करत होतं? मराठी अर्थाने मी, पाली अर्थाने मावशी.

जखमेवरून आठवलं. बुद्धाच्या सल्ल सुत्तात म्हटलंय की अजाण माणसाला एक बाण लागतो, आणि लगेच दुसरा. पहिली शरीराची वेदना, दुसरी मनाची: चडफड, शोक, ‘माझ्याच वाट्याला का’. शहाण्यालाही पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही. पालीतला हा सल्ल म्हणजे संस्कृत शल्य, आणि मराठीत तोच आपला सल. गंमत बघा, आपण सल पायाला लागला असं म्हणत नाही, मनात सल राहिला असंच म्हणतो. पहिल्या बाणासाठी मराठीत ‘दुखणं’ आहे, आणि सल आपण जवळजवळ दुसऱ्या बाणासाठीच राखून ठेवला.

आता मुलीच्या प्रश्नातला खरा काटा. ज्यांना उपेक्षित ठेवलं गेलं त्यांनाच उपेक्षा शिकवायची? याचं उत्तर बहुधा तुमच्या विहारात वाचला जातो त्याच ग्रंथात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये सद्गुण सांगताना उपेक्खेचा अर्थ स्पष्ट करून ठेवलाय. मूळ इंग्रजी आहे, आशय असा: ही अलिप्तता आहे, बेफिकिरी नव्हे, आवड-नावड नसलेली मनाची स्थिती, फळाने विचलित व्हायचं नाही, तरी त्यासाठी झटणं सोडायचं नाही. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. बेफिकिरी नव्हे, हे वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली, कारण आपला वाचक कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं.

तर मग मराठीत म्हणायचं काय? तटस्थता मला पसंत नाही. तट-स्थ म्हणजे काठावर उभा, आणि पाण्यात कुणी गटांगळ्या खात असेल तर काठावर उभं राहणं काही सद्गुण नव्हे. पालीतला जवळचा प्रतिशब्द मज्झत्तता, म्हणजे मध्यस्थता, पण आपला मध्यस्थ आता लग्नं जमवतो किंवा जागेचे व्यवहार करतो. विपश्यनेच्या शिबिरांत समता म्हणतात, इगतपुरीला जाऊन आलेल्यांच्या तोंडी तोच शब्द असतो. चांगला आहे, पण मराठीत समता म्हटलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हीच आठवते, आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये. समचित्तता अर्थाला बरोबर, बोलायला जड.

माझं मत विचाराल तर पाली रूपच ठेवावं: उपेक्खा. ही वाट आपल्याकडे मळलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या मराठीत धर्म आणि धम्म हे दोन निराळे शब्द म्हणून नांदताहेत, भिक्षू आणि भिक्खू यांतला फरकही वाचणाऱ्याला कळतो. तसंच उपेक्षा आणि उपेक्खा होऊ शकेल. एका जोडाक्षराचा तर फरक.

जाता जाता मुलीसाठी एक गंमत. मैत्री, करुणा, मुदिता या तिन्ही नावांच्या मुली आपल्याकडे सापडतात, आणि अपेक्षा तर वर्गात एखादी असतेच. उपेक्षा मात्र कुणी ठेवत नाही. श्रीलंकेत ठेवतात, तिथे ते मुलीचं चांगलं प्रचलित नाव आहे. आणि हो, परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष असंच लिहायला सांगा. तिथे बुद्धघोषाच्या नावावर गुण मिळत नाहीत.