दुसऱ्या चित्रपटात घोस्टबस्टर्सवर बंदी होती, मग कार्टूनमधली भुतं त्यांनी पकडली कधी?

थेट सांगतो, भुतं पकडायचा धंदा करणाऱ्या चौघांच्या, म्हणजे घोस्टबस्टर्सच्या, १९८४ आणि १९८९च्या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात 'द रिअल घोस्टबस्टर्स' हे कार्टून बसत नाही. दुसऱ्या चित्रपटात कोर्टाचा मनाई हुकूम आहे, धंदा बंद पडलाय, चौघांपैकी रे आणि विन्स्टन पोरांच्या वाढदिवसाला नाचतायत. कार्टूनमध्ये मात्र धंदा जोरात, शंभराच्या वर एपिसोड. मधल्या पाच वर्षांत एवढं सगळं कोंबणारे तक्ते इंटरनेटवर पडलेत, पण त्यांत हुकूम नेमका कधी निघाला हेच सोयीने सरकवलेलं असतं. चित्रपट एका विश्वात आणि कार्टून दुसऱ्या, ही समांतर विश्वाची थिअरी तर निव्वळ आळस.

हा प्रश्न दिसला की मला माझा आतेभाऊ आठवतो. सिनेमाच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. एकदा सगळी भावंडं जमलेली असताना त्याने दुसरा चित्रपट लावला आणि कोर्टाच्या सीनवर मुद्दाम पॉज केलं. न्यायाधीश वेक्स्लर तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर अडकलेले, आणि हा रिमोटने त्यांच्याकडे बोट दाखवतोय. "बघ, ऑर्डर आहे. संपलं तुझं कार्टून. पोरांना खेळणी विकायला काढलेलं ते, मोजायचं नसतं." सगळे हसले. धाकट्यांसमोर हसले, हे जास्त लागलं.

मी विचारलं, "दादा, मग स्लायमर?"

पहिल्या चित्रपटात ते हॉटेलातलं हिरवं, हावरट भूत. चौघांतल्या पीटरला चिकट करून सोडतं, पकडलं जातं, आणि सरकारी अधिकारी वॉल्टर पेकने भुतं कोंडायचं यंत्र बंद करायला लावल्यावर बाकीच्यांबरोबर सुटतं. दुसऱ्या चित्रपटात तेच भूत फायरहाउसमध्ये, म्हणजे चौघांच्या अड्ड्यावर, त्यांच्या हिशेबनीस लुईसचं जेवण फस्त करतंय. भुतं पकडणाऱ्यांच्याच घरात एक भूत मोकळं कसं? चित्रपट यावर चकार शब्द काढत नाही. उत्तर कार्टूनच्या 'सिटिझन घोस्ट' या एपिसोडमध्ये आहे. पहिल्या चित्रपटातल्या गोझर या खलशक्तीशी झालेल्या लढाईत एक्टोप्लाझमने (भुतांच्या चिकट द्रवाने) माखलेले युनिफॉर्म नष्ट करायचं काम पीटरकडे असतं. तो ते टाळतो (पीटरच तो), मग त्या कपड्यांतून चौघांची भुताटकी रूपं उभी राहतात आणि ऐन वेळी स्लायमर खऱ्या चौघांच्या मदतीला येतो. म्हणून त्याला ठेवून घेतात. चौघांचे वेगवेगळ्या रंगांचे युनिफॉर्मही तिथूनच आले.

दादा म्हणाला, "अरे, गंमत म्हणून घेतलाय तो," आणि प्ले दाबलं. याला उत्तर म्हणत नाहीत.

मला पटणारी थिअरी कार्टूननेच हातात दिलीय. 'टेक टू' एपिसोडमध्ये हे चौघे हॉलिवूडला जातात, तिथे त्यांच्यावर चित्रपट बनत असतो. शेवटी तो बघताना पीटर तक्रार करतो की हा नट माझ्यासारखा अजिबात दिसत नाही. म्हणजे कार्टून हीच खरी हकीकत आणि चित्रपट हे तिच्यावर बेतलेलं नाट्य. चौघांतल्या इगॉनचे केस कार्टूनमध्ये सोनेरी का, हा प्रश्नच मिटला: खऱ्या इगॉनचे सोनेरीच होते, नटाचे नव्हते. मनाई हुकूम हा पटकथाकाराने घातलेला मसाला.

फक्त नावातला 'रिअल' पुरावा म्हणून फेकू नका, तोंडावर पडाल. तो शब्द आला फिल्मेशन या कार्टून स्टुडिओमुळे. त्यांची १९७५ची याच नावाची मालिका होती आणि १९८६मध्ये त्यांनी तिच्यावरून स्वतःचं कार्टून काढलं, म्हणून आपल्यावाल्यांना वेगळं नाव लागलं. वाढदिवसाच्या सीनमध्ये पोरं ही-मॅनच्या नावाने ओरडतात ना, त्या ही-मॅनचं कार्टूनही फिल्मेशनचंच.

आता, अडचणी आहेत. लुईस स्लायमरला बघून किंचाळतो, म्हणजे त्याला घरातलं भूत माहीत नव्हतं. त्यांची सेक्रेटरी जनीन, तिचं मन कार्टूनमध्ये इगॉनवर आहे, दुसऱ्या चित्रपटात ती लुईसबरोबर जमवते. माझ्या थिअरीत हाही मसालाच, पण प्रत्येक नावडती गोष्ट मसाल्यात ढकलता येते हे मलाही कळतं. शिवाय दुसऱ्या चित्रपटानंतर लुईस कार्टूनमध्येही येतो, त्यामुळे तो चित्रपट साफ उडवून लावणं जड जातं.

तुमच्याशी वाद घालणारा कोणी 'कार्टून मोजायचं नसतं' म्हणाला, तर त्याला आधी विचारा की कोणी ठरवलं. मग स्लायमरचं विचारा. आणि रिमोट आपल्याकडे ठेवा.