‘एक्सपोज्ड’ धार : उघडी, धोकादायक की दृष्टिभयाची?

प्रश्न असा आला आहे. आल्प्समधल्या काही गिर्यारोहकांच्या आपसांतल्या बोलण्याचा मराठी अनुवाद चालू आहे. एक जण मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्न्ली धारेची चौकशी करतो. दुसरा सांगतो, ‘ग्रेड एडी. चढाई तीनच्या फारशी वर जात नाही, पण जवळजवळ सगळी एक्सपोज्ड.’ तिसरा मध्येच तोंड घालतो, ‘जरा एअरी आहे, एवढंच. हात खिशात घालून जाशील!’ (‘एडी’ ही अख्ख्या वाटेच्या अवघडपणाची श्रेणी, ‘तीन’ ही कातळावरच्या चढाईची; दोन्हींबद्दल पुढे येईलच.) यातल्या ‘एक्सपोज्ड’साठी अनुवादकाने आधी ‘उघडी’ लिहिलं, मग ते खोडून ‘धोकादायक’, आणि आता ‘दृष्टिभय असलेली’पाशी गाडी अडली आहे. कोणतं ठेवावं?

‘उघडी’ आधी काढून टाका. डोंगर उघडाबोडका म्हटला की आपल्याला झाडं नसलेला डोंगर दिसतो, दरी दिसत नाही. आणि ‘उघड्यावर’ म्हणजे डोक्यावर छप्पर नसताना. तंबूशिवाय कड्यावर रात्र काढणाऱ्यांचा प्रसंग पुढे आला तर तो शब्द तिथे वापरा.

‘धोकादायक’ची भानगड वेगळी आहे. मूळ वाक्यातला ‘पण’ बघा. बोलणारा दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या करतोय. ‘तीन’ हा आकडा रोमन अंकांत लिहिल्या जाणाऱ्या श्रेणीतला. तो फक्त कातळावरच्या हालचालीबद्दल बोलतो : पकडी केवढ्या, पाय कुठे ठेवायचा, हातांवर किती भार येतो. खाली काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तीनची पायरी जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर असली तरी तीन आणि हजार मीटरवर असली तरी तीनच. एक्सपोजर नेमकं हे उरलेलं सांगतं : पाय सुटला तर तुम्ही कुठे जाऊन थांबाल. हॉर्न्लीची झोपडी, म्हणजे गिर्यारोहकांचं मुक्कामाचं ठिकाण, ३२६० मीटरवर, माथा ४४७८ मीटरवर, आणि मधल्या धारेच्या एका अंगाला पूर्वेची भिंत, दुसऱ्या अंगाला उत्तरेची. थांबायला जागा नाही, असा तो निरोप आहे. ‘धोकादायक’ लिहिलंत की कातळ ठिसूळ आहे, बर्फ वाईट आहे, वीज पडते, काहीही अर्थ निघेल, आणि ‘सोपी पण एक्सपोज्ड’ हा गिर्यारोहकांच्या तोंडी सतत असणारा जोड तर ‘सोपी पण धोकादायक’ होऊन भलतीकडेच जाईल.

आता ‘दृष्टिभय’. मला हा शब्द आवडतो. आपल्या डोंगरभटक्यांनी तो चांगला रुळवला आहे आणि ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो : नजरेमुळे वाटणारं भय. पण त्यातच त्याची मर्यादाही आहे. दृष्टिभय बघणाऱ्याला असतं, एक्सपोजर जागेला असतं.

हॉर्न्लीवरच बघा. माणसं झोपडीतून पहाटेच्या अंधारात निघतात. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पुढचा कातळ, पुढच्याचे बूट आणि दोर, एवढंच जग. खाली काळोख. दृष्टिभय जवळजवळ नाही. एक्सपोजर मात्र दिवसा असतं तेवढंच. उतरताना लख्ख उजेड असतो, तोंड दरीकडे असतं, आणि सकाळी ज्या पायरीवरून सहज वर आलो तिच्यावर पाय टेकवताना पोटात गोळा येतो. जागा तीच, दृष्टिभय तेवढं नव्याने उगवलेलं. (या डोंगरावर पहिल्यांदा पोचलेल्या सातांपैकी चौघे उतरतानाच गेले, १४ जुलै १८६५ ला. एकाचा पाय सुटला, तो पुढच्यावर आदळला, दोराला बांधलेले आणखी दोघे ओढले गेले, आणि मध्येच दोर तुटला म्हणून मागचे तिघे राहिले.)

उलटंही होतं. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर लिस्काम नावाची लांबलचक बर्फाळ धार आहे. तिला जर्मनमध्ये ‘नरभक्षक’ असं टोपणनाव पडलं ते हिमछज्ज्यांमुळे. वाऱ्याने साचवलेलं बर्फ धारेच्या कडेबाहेर छज्ज्यासारखं लोंबतं. वरून ते रुंद, सपाट, चालायला ऐसपैस दिसतं. डोळा म्हणतो इकडून जा, आणि पायाखाली आधार नसतो.

म्हणून ‘दृष्टिभय’ ठेवायचंच असेल तर ते माणसाच्या अनुभवाशी जोडा : ‘तिथे दृष्टिभय फार’, ‘दृष्टिभय असेल त्याने विचार करावा’. धारेचं वर्णन करताना मी सरळ दरी सांगेन. ‘दोन्ही अंगांना सरळ तुटलेलं’, ‘घसरलं की थेट खाली’, ‘पाय सुटला तर थांबायला जागा नाही’. विशेषणाच्या जागी वाक्य येतं, येऊ दे. मराठीत ते जास्त खणखणीत वाजतं.

एक सावधगिरी. याच अनुवादात पुढे ‘दगडांना एक्सपोज्ड’ किंवा ‘सेराकला एक्सपोज्ड’ (सेराक म्हणजे हिमनदीवरचा, कधीही कोसळू शकणारा बर्फाचा मनोरा) असं काही आलं तर तिथे दृष्टिभय अजिबात नको. माँ ब्लाँ शिखराच्या गूते वाटेवरची मोठी घळ पार करायला अंतर थोडकंच, अवघडही फारसं नाही, पण वरून दगड येतात, आणि ऊन चढून गोठलेलं सुटू लागलं की जास्तच येतात. तिथला शब्द आहे ‘माऱ्यात’ किंवा ‘टप्प्यात’. घळ दगडांच्या माऱ्यात आहे. वाट सेराकच्या टप्प्यात आहे. तोफेचा टप्पा, बंदुकीचा टप्पा आपल्याला पाठ आहेच, तो इथे बिनबोभाट बसतो.

राहिला तिसऱ्याचा ‘एअरी’. हे खास गिर्यारोहकी कमी करून सांगणं आहे. फ्रेंच गडी अशा जागेला ‘इथे गॅस आहे’ म्हणतात, म्हणजे पायाखाली नुसती हवा. जर्मन शब्द मात्र गंभीर आहे, ‘आउसगेझेट्स्ट’. तान्हं मूल टाकून देण्यालाही तेच क्रियापद लागतं. मराठीत चेष्टेसाठी शब्द हजर आहे : हवेशीर! घर भाड्याने देणारा ज्या सुरात ‘प्रशस्त, हवेशीर’ म्हणतो त्याच सुरात तो इथे म्हणायचा. वाचक ओठांतल्या ओठांत हसेल आणि खाली किती खोल आहे तेही त्याला कळेल. ‘हात खिशात घालून’ मात्र तसंच राहू द्या. तीनच्या कातळावर हात खिशात घालून कुणी जात नाही, म्हणूनच ती थट्टा आहे.

तर माझा मसुदा असा :

‘ग्रेड एडी. चढाई तीनच्या फारशी वर जात नाही, पण जवळजवळ सगळीकडे दोन्ही अंगांना तुटलेलं. पाय सुटला की थेट खाली.’
‘जरा हवेशीर आहे रे, एवढंच. हात खिशात घालून जाशील!’

‘एडी’चं भाषांतर करू नका. फ्रेंचमध्ये ते ‘बऱ्यापैकी अवघड’ याचं आद्याक्षरी रूप आहे, पण मराठीत ‘बऱ्यापैकी’ ऐकलं की माणूस निवांत होतो. सोप्या ‘एफ’पासून अत्यंत अवघड ‘ईडी’पर्यंतच्या सहा पायऱ्यांतली ही तिसरी, आणि ती अख्ख्या वाटेला लागते : लांबी, उंची, परत फिरण्याची सोय, खालची दरी, सगळं धरून. म्हणूनच चढाई तीनची असूनही वाट एडी होते. पहिल्यांदा अक्षरं येतील तिथे एका ओळीत हे सांगून टाका, पुढे नुसतं ‘एडी’ चालेल.

आणि शेवटी लेखनाचं, कारण प्रश्नात ते ‘दृष्टिभय’ आणि ‘दृष्टीभय’ असं दोन तऱ्हांनी आलं आहे. सुटा शब्द ‘दृष्टी’, दीर्घ. समासात पहिलं पद झालं की ऱ्हस्व : दृष्टिकोन, दृष्टिदोष, तसंच दृष्टिभय.