युनियनच्या पगारकरारामुळे कंपनीच्या नफ्यातला कामगारांचा वाटा वाढतो का?

हो, वाढतो, पण बहुतेकदा बोनसमधून नाही, तर मूळ पगार आणि सानुग्रह अनुदानातून (कायद्याच्या बोनसपेक्षा वेगळी, वरून दिलेली रक्कम). 1965च्या बोनस कायद्याने, नंतरच्या दुरुस्त्यांसह, पगाराच्या किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के अशी चौकट घातली. किमान बोनस तोट्यातही द्यावा लागतो. 2015च्या दुरुस्तीने पात्रतेची पगारमर्यादा वाढून महिना 21,000 रुपये झाली. गंमत अशी की चांगला करार झाला की कामगार हीच मर्यादा ओलांडतो आणि कायद्याच्या बोनसमधून बाहेर पडतो! म्हणून दिवाळीची रक्कम करारातच लिहून घ्यावी लागते; मालकाच्या मर्जीवर सोडू नये. मात्र कंत्राटी कामगार अशा करारात सहसा नसतात, त्यामुळे वाढलेला वाटा मुख्यतः कायम कामगारांनाच मिळतो.