क्रिएटिनिन ३.२ आहे, बीपीच्या गोळीसोबत पुनर्नवा काढा दिला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं क्रिएटिनिन (रक्तातली ही तपासणी वाढली म्हणजे किडनी कमजोर) ३.२ आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि गावाकडून कुणीतरी पुनर्नवा-गोखरूचा काढा सुचवलाय, झाडपाल्याचंच आहे, अपाय थोडीच होणार. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं म्हणून सांगतो, विचारल्याशिवाय देऊ नका.

आईलाही टेल्मिसार्टनच होती. शेजारच्या काकूंचं ऐकून रोज सकाळी काढा सुरू केला, वर ताकद यावी म्हणून एक शहाळं. पंधरा-वीस दिवसांत तिला जिना चढताना पाय उचलेनात, आम्हाला वाटलं अशक्तपणा, म्हणून शहाळी दोन केली 🤦 रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.५, जे साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं, आणि इतकं वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे सरळ ॲडमिट. किडनी कमजोर झाली की पोटॅशियम नीट बाहेर जात नाही, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल असल्या गोळ्या ते अजून थोडं धरून ठेवतात, त्यात पुनर्नवेतही पोटॅशियम आणि शहाळ्यात तर भरपूरच. गोळी वाईट नव्हती हो, ती किडनीसाठीच दिलेली. डॉक्टरांनी "अजून काही घेता का" विचारलेलं, तेव्हा आई गप्प बसली, ओरडतील म्हणून.

वडिलांना शुगर असेल तर कारल्याचा रस पण बघून द्या. किडनी खराब असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, मग शुगर एकदम खाली येते. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध बीपी वाढवतं. आणि भस्मवाली (धातू-खनिजं भाजून केलेली) औषधं तर नकोच, २००८ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं अमेरिकेत तपासली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं होतं.

"अमक्याचं क्रिएटिनिन काढ्याने उतरलं" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा वजन किती उतरलं, कारण जेवण तुटून अंगावरचं मांस गेलं तरी क्रिएटिनिन कमी दिसतं.

काढा ऑलरेडी सुरू केला असेल तर थांबवा आणि आजच पोटॅशियम करून घ्या, बाटली किंवा पुडी जी असेल ती किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.