चार महिने उभ्या असलेल्या ऑल्टोचा क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

दादा, आधी एक विनंती. आज-उद्या घाईने गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची ऑल्टो जूनपासून अंबाजोगाईच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीला पुण्याहून आलात, बॅटरी चार्ज केली, इंजिन लगेच चालू झालं. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की करकर वाजतं आणि गिअर पडत नाही. इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर अलगद पडतात. गॅरेजवाल्यांनी बॉनेट न उघडताच १४,००० रुपये सांगितले.

परभणीत २६ वर्षं गॅरेज चालवतो, त्यावरून सांगतो. बंद इंजिनवर गिअर पडतात म्हणजे गिअरबॉक्स आणि गिअरचा दांडा दोन्ही ठीक आहेत. इंजिन फिरायला लागलं की अडतं, म्हणजे क्लच सुटत नाही, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. आता तो बाहेरच्या कारणाने सुटत नाही की आतल्या, एवढंच शोधायचं. बाहेरचं कारण असेल तर काम थोडक्यात भागतं, आतलं असेल तरच गिअरबॉक्सचा विषय.

सगळ्यात आधी पायाखालची मॅट काढा. गेल्या वर्षी सेलूचे एक गुरुजी गाडी टो करून घेऊन आले होते. नवीन जाड रबरी मॅट घेतलेली, ती सरकून पेडलच्या मागे गोळा झाली होती. पेडल शेवटपर्यंत जातच नव्हतं. मॅट काढली, गाडी चालवत घरी गेले.

मग बॉनेट उघडा. तुमच्या गाडीला क्लचची केबल आहे. पेडलपासून ती पत्र्यातून पुढे येते आणि गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या लोखंडी लिव्हरला मिळते. केबलचा माग काढत गेलात की सापडेल. इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च धरून त्या लिव्हरवर नजर ठेवा. लिव्हर हलतो का? किती हलतो? आणि त्याच वेळी केबल जिथे पकडून ठेवलीय ती पट्टी वाकते का? या तीन गोष्टी बघितल्याशिवाय कुणीही गिअरबॉक्सचं नाव काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याची गाडी अशीच आली. मी सरळ गिअरबॉक्स खाली घेतला. आतली क्लच प्लेट चांगली, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट चांगली, बेअरिंग चांगलं. सगळं परत बसवलं तरी गिअर पडेना. शेवटी पोरगं पेडल दाबत असताना दिसलं, केबल धरणाऱ्या पट्टीला बारीक चीर होती. पाय दाबला की केबलऐवजी पट्टीच वाकायची. त्या माणसाचे दोन दिवस गेले, ते पण ऐन पेरणीत. मी फक्त वेल्डिंगचे पैसे घेतले, पण ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

लिव्हर अर्धवट हलत असेल तर केबल सैल झालीय किंवा आतून तिची तार उसवत चाललीय. लिव्हरजवळच्या केबलच्या टोकाला अॅडजस्टिंग नट असतो. लिव्हर बोटाने हलवून बघा, साधारण २ ते ४ मिलिमीटर खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, हवा. खेळ जास्त असेल तर नट आवळून तेवढ्यावर आणा. पण खेळ पूर्ण संपवू नका. मग क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेट घसरते आणि जळते. केबलची तार तुटायला आली असेल तर ती सरळ बदला, तेल घालून चालवू नका. तिथेच वायरिंगही बघून घ्या, उभ्या गाडीत उंदीर घर करतात.

(स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या गाड्यांना केबलऐवजी ऑइलवर चालणारा क्लच असतो. कुणी ते शोधत आलं असेल तर डबीतलं ऑइल, मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरची गळती बघा आणि नळीतली एअर काढून घ्या. पेडल मऊ लागत असेल आणि तीन-चारदा पटापट मारल्यावर गिअर पडत असेल, तर बहुधा एअर आहे.)

लिव्हर पूर्ण हलतोय, पट्टी पक्की आहे, तरी क्लच सुटत नाही, असं निघालं तर तुमच्या बाबतीत मला दाट शंका प्लेट चिकटल्याची आहे. क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला घट्ट दाबलेली असते. ही दोन्ही बिडाची. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरते, तेवढ्यात प्लेट मोकळी व्हायची असते. बिडाचा तवा धुऊन ओला ठेवला तर सकाळी कसा तांबूस होतो? तसंच आत होतं. अंबाजोगाईची बालाघाटावरची ओलसर हवा, त्यात चार महिने गाडी हललेली नाही. गंजाने प्लेट धरून ठेवते.

ती बऱ्याचदा न खोलता सुटते. पण त्याआधी ब्रेक तपासा, कारण जी हवा क्लचला लागली तीच ब्रेकलाही लागलीय. गाडी ढकलून दोन-तीनदा ब्रेक मारून बघा, नीट धरले तरच पुढचं करा.

इंजिन न्यूट्रलमध्ये १५-२० मिनिटं चालवून चांगलं गरम होऊ द्या, मग बंद करा. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नको. चौथा गिअर टाका, हँडब्रेक ओढा, उजव्या पायाने ब्रेक पूर्ण, डाव्याने क्लच पूर्ण दाबा आणि चाबी क्षणभरच फिरवा. झटका बसेल. दोन-तीनदाच करा, जास्त केलं तर स्टार्टर जळतो. इंजिन मोकळं फिरायला लागलं म्हणजे प्लेट सुटली.

नाही सुटली तर मोठं मोकळं मैदान गाठा, गाडी टो करून न्या. रस्त्यावर हे अजिबात करू नका. बेल्ट लावा. बंद इंजिनवर पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, क्लच दाबून धरा आणि चाबी मारा. गाडी स्टार्टरवरच पुढे सरकेल आणि इंजिन चालू होईल. क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर जोरात द्या, लगेच सोडा, पुन्हा द्या, पुन्हा सोडा. या मागे-पुढे हिसक्यांनी गंजाची पकड सुटते. ‘टक्’ असं जाणवतं आणि इंजिन एकदम मोकळं ओरडतं. तोपर्यंत मात्र क्लच दाबूनही गाडी थांबणार नाही हे ध्यानात ठेवा. थांबायला ब्रेक आणि चाबी. चाबी एकच टप्पा मागे घ्या, पूर्ण फिरवून काढली तर स्टेअरिंग लॉक होईल.

कुणी म्हणेल क्लचच्या बाहेरच्या घराला असलेल्या भोकातून डिझेल सोडा, स्प्रे मारा. नका करू. प्लेटच्या अस्तरात तेल मुरलं की क्लच सुटेल, पण नंतर कायम घसरेल. पुढची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये रेस करण्याचा उद्योगही करू नका, गाडी जॅकवरून सुटली तर माणूस जातो.

एवढं करूनही सुटला नाही, तर गिअरबॉक्स उतरवणं आलंच आणि मग तुमचे गॅरेजवाले चूक नाहीत. अशा वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे घ्यायला लावणारं) तिन्ही एकदम बदला, कारण खरी मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते. फ्लायव्हीलचा चेहरा आणि इंजिनचं मागचं ऑइल सील स्वतः उभं राहून बघा. जुने पार्ट परत मागा.

प्लेट सुटली तर पहिले काही दिवस थांबलेली गाडी पुढे काढताना थरथरेल, गंज झिजला की थांबेल. लगेच पुण्याची वाट धरू नका, तीनशेच्या आसपास किलोमीटर आणि मध्ये घाट. आधी गावातल्या गावात २०-२५ किलोमीटर फिरवा, चढावर थांबवून पुन्हा पुढे काढून बघा.

आणि गाडी परत वडिलांकडेच राहणार असेल तर त्यांना सांगा, दर आठ-दहा दिवसांनी इंजिन गरम होईपर्यंत गाडी फिरवून आणा. ते जमत नसेल तर निदान शेडमध्येच चालू करून क्लच पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, गिअर टाकून गाडी हातभर पुढे-मागे घ्या. आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले काम नसलेल्या दिवसांत क्लच दाबून पेडलला लाकूड अडकवून ठेवतात, ते याचसाठी.